पारड्यांची अदलाबदल

इचलकरंजीच्या गावभागातील त्या घराची रचना तीन पिढ्यांपासून एकच आहे. खाली सुताची पेढी, वर राहते घर. जिना संपतो तिथे अण्णांची खोली. वयाची चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण झाली तरी अण्णा सकाळी दहाला पेढीवर उतरतात, एकपर्यंत गादीवर बसतात आणि दुपारची वामकुक्षी झाली की चारनंतर गाणे ऐकतात. कारभार थोरल्या मुलाने हाती घेतल्यापासून या ऐकण्याला घरात एखाद्या नेमाचे स्थान मिळाले होते. खोलीत १९८० च्या दशकातला ॲम्प्लिफायर, त्याच्याच वयाचा टेपडेक, दोन मोठे स्पीकर आणि भिंतभर कॅसेट. अलीकडे नातीने मोबाइलही त्याच ॲम्प्लिफायरला जोडून दिला होता.

गाण्याची आवड या गावाला उपरी नाही. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे गावाचे नाव घेऊनच ओळखले गेले. त्याच गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गाव मागांचेच झाले. अण्णांच्या वडिलांचे पेढीच्या मागच्या अंगाला सोळा माग होते. शाळा सुटली की अण्णा तिथे असत आणि नंतर वीस वर्षे त्या शेडची देखरेख त्यांच्याकडेच होती. पुढे माग विकले गेले, शेडचे गोदाम झाले, धोट्यांचा खडखडाट थांबला. त्या रिकाम्या झालेल्या शांततेत अण्णांनी गाणे भरले. केसरबाई केरकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर ही त्यांची दोन दैवते.

गेल्या दिवाळीनंतर या नेमाला अडचण आली. नातीची सीएची परीक्षा मे महिन्यात होती आणि तिचे अभ्यासाचे टेबल अण्णांच्या खोलीच्या भिंतीला लागून होते. तक्रार तिने केली नाही. मुलगा मात्र एकदोनदा वर येऊन म्हणाला, "अण्णा, आवाज जरा कमी करता का?" अण्णा तत्काळ कमी करीत, पण पंधरा मिनिटांत बटण पुन्हा पूर्वीच्या जागी गेलेले असे. घरच्यांनी याला म्हातारपणाचा हट्ट मानले. हट्ट हा शब्द घरात फार लवकर सापडतो.

त्याच सुमारास, दिवाळीच्या थोडे आधी, पेढीवरही एक प्रकार घडला होता. एका मागवाल्याची मागणी दिवाणजींनी फोनवर घेतली आणि गादीवरच्या अण्णांना मोठ्याने सांगितली. अण्णांनी वहीत आठ पोती लिहिली आणि टेंपोत आठ पोती चढली. मागवाल्याला हवी होती साठ. त्याचे माग दीड दिवस उभे राहिले. तो रागारागाने पेढीवर आला, तेव्हा दिवाणजी हळूच म्हणाले, "मी साठच म्हटलं होतं, अण्णा." तीस वर्षांत दिवाणजींनी अण्णांचे बोलणे कधी खोडले नव्हते. गिऱ्हाईक आणि चार हमाल यांच्यासमोर अण्णा ताडकन म्हणाले, "मी माझ्या कानांनी आठ ऐकलंय." विषय तिथेच संपला. दिवाणजी वही घेऊन आपल्या जागी जाऊन बसले. या गोष्टीचा गाण्याशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही.

मार्गशीर्ष उजाडता उजाडता अण्णांनी गाणे ऐकणेच बंद केले. कोणाला काही न सांगता त्यांनी ॲम्प्लिफायरवर धुतलेले उपरणे टाकले आणि चार वाजता वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचू लागले. तिसऱ्या दिवशी हे सूनबाईंच्या लक्षात आले. हेडफोनचा विषय त्यांनीच काढला. अण्णांनी प्रथम नाही म्हटले, मग म्हणाले, "घ्यायचाच तर एकदाच, पण माल पारखून."

पारखण्याची सुरुवात मुंबईच्या एका दुकानात झाली. मुलगा कामानिमित्त गेला होता, त्याने तिथूनच व्हिडिओवर दाखवले. दुकानदाराने सर्वांत महाग नग पुढे केला. अण्णांनी पहिला प्रश्न आवाजाचा विचारलाच नाही. कानावर टेकणाऱ्या गाद्या कशाच्या, एवढेच विचारले. कोकराच्या मऊ कातड्याच्या, असे उत्तर अभिमानाने आले आणि तो नग तिथेच बाद झाला. दुसऱ्या एका नगाच्या गाद्यांना दुकानदार 'प्रोटीन लेदर' म्हणत होता. हे कातडे नव्हे, कृत्रिम आहे, असे त्याने सांगितले. यावर अण्णांनी विचारले, "मग प्रोटीन कशाचं?" दुकानदाराला ते ठाऊक नव्हते. ज्या मालाची जात विकणाऱ्याला सांगता येत नाही तो घ्यायचा नाही, हा पेढीचा जुना दंडक. तोही नग बाद झाला. चांगल्या हेडफोनला कातडे लागतेच असे मात्र नाही. अनेक नामांकित हेडफोनच्या गाद्या मखमलीसारख्या कापडाच्या असतात. त्या हवा खेळू देतात, कान घामेजत नाहीत आणि चष्म्याची काडी रुतत नाही. महाग हेडफोनच्या काही कंपन्या तर मागणीनुसार कातडेविरहित गाद्याही देतात. विचारण्याचा संकोच तेवढा करू नये.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणारा अण्णांचा पुतण्या या शास्त्रात मुरलेला. त्याने आपला बायरडायनामिक डीटी ७७० पाठवून दिला. हा बंद जातीचा. कानावरच्या वाट्या मागून पूर्ण झाकलेल्या, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. नातीच्या अभ्यासासाठी याहून सोयीचे काय असणार? पहिल्याच दिवशी अण्णा मन्सूरांच्या गाण्यात बुडाले. डग्ग्याचा घुमारा असा काही छातीशी आला की बटणाकडे हात गेला नाही.

दिवस लहान होते. सूर्य सहाच्या सुमारास मावळत होता. साडेपाचला सूनबाईंनी पान मांडून खालून हाक मारली. पुन्हा मारली. मुलगा पेढीवर, नात क्लासला आणि आजी मंदिरात गेलेल्या. तव्यावर भाकरी असल्यामुळे सूनबाईंना लगेच वर जाता आले नाही. त्या जिना चढून आल्या तेव्हा अण्णा डोळे मिटून बसले होते आणि खिडकीबाहेर अंधारून आले होते. त्यांनी डोळे उघडले, खिडकीकडे पाहिले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्या घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही. अण्णांनी पाणीही घेतले नाही. "सकाळी बघू," एवढेच म्हणाले. सूनबाईंनीही त्या रात्री अन्नाला हात लावला नाही आणि हे अण्णांना दुसऱ्या दिवशी आजींकडून कळले.

पुतण्याला फोन गेला. तो म्हणाला, "काका, मग तुम्हाला उघड्या जातीचा हवा." हेडफोनला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेच्या नौदलाने १९१० च्या सुमारास नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरी बनवलेले नग घेतले. स्टिरिओ संगीतासाठीचा हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला. या सर्वांत कान झाकून टाकणे हेच गृहीत होते. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ काढला आणि वाटीची मागची बाजू मोकळी सोडली. बंद वाटीत आवाज आतल्या आत आपटतो. मोकळ्या वाटीत तो मागेही निघून जातो. त्यामुळे गाणे डोक्याच्या आत कोंडल्यासारखे न वाटता थोडे समोर, खोलीत चालल्यासारखे वाटते. अर्थात फुकट काही मिळत नाही. शेजारच्याला बारीक आवाज ऐकू येतो आणि खोलीतला पंखा, रस्त्यावरचा हॉर्न आपल्याला ऐकू येतो. गाडीत किंवा रेल्वेत असा हेडफोन निरुपयोगी; घरातल्या शांत खोलीत मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

पुण्याच्या एका दुकानातून अनामत ठेवून आठ दिवसांसाठी झेनहायझरचा एचडी ६०० आणला गेला. हा नमुना १९९७ पासून निघतो. गाद्या कापडी, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास; वायर आणि गाद्या झिजल्या तर सुट्या मिळतात. या शेवटच्या गोष्टीवर अण्णा खूश झाले. ज्या वस्तूचा एक भाग बिघडला की सगळी वस्तू टाकावी लागते, तिला ते माल म्हणतच नाहीत. बिनतारी हेडफोनचा विचार म्हणूनच पुढे गेला नाही. त्यातली बॅटरी काही वर्षांनी थकणार, हे मुलानेच सांगितले होते.

एक घोटाळा झाला. एचडी ६०० मोबाइलला जोडला तर आवाज मरतुकडा येई, डीटी ७७० चा मात्र दणदणीत. मुलाने निकाल देऊन टाकला, की स्वस्तातलाच चांगला. पण नात म्हणाली, "आजोबा, दोन्हीचं माप सारखं नाही." विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अवरोधाला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. पुतण्याचा नग ८० ओहमचा, हा ३०० ओहमचा. त्याला मोबाइलचा विद्युतदाब अपुरा पडतो; त्याला ॲम्प्लिफायर लागतो. तो तर उपरण्याखाली झाकून ठेवलेला होताच. जुन्या ॲम्प्लिफायरच्या हेडफोनच्या छिद्रात पिन बसवली आणि आवाज फुलला.

दोन नगांची तुलना खऱ्या अर्थाने आता सुरू झाली. अण्णांनी नातीला बजावले, की मला किंमत सांगायची नाही. भाव कानावर पडला की माल आपोआप सरस दिसू लागतो, हे त्यांनी पेढीवर साठ वर्षे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाहिले होते. नातीने त्यात दुसरी अट घातली. दोन सारख्याच वस्तूंपैकी जिचा आवाज किंचित मोठा, ती कानाला सरस वाटते. फरक इतका थोडा असतो की आवाज मोठा आहे हेही कळत नाही; गाणे अधिक स्वच्छ आहे, असेच वाटते. म्हणून आधी दोन्हींचा आवाज समान करायला हवा. तिने एका जुन्या खातेवहीचा पुठ्ठा घेतला, मध्ये भोक पाडले, खालून मोबाइलचा माइक लावला आणि वरून हेडफोनची वाटी ठेवली. दुसऱ्या मोबाइलवरून एकसुरी आवाज लावून दोन्हींचा आकडा सारखा येईल तिथे ॲम्प्लिफायरच्या बटणावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. हा आकडा खरा डेसिबल असेलच असे नव्हते. पण मापारी एकच होता आणि दोन्ही माल त्याच मापाने मोजला गेला होता. अण्णांना ही रीत फार पटली. सीएचा अभ्यास वाया जात नसल्याचे त्यांनी सूनबाईंना आवर्जून सांगितले.

तीन दिवस हे चालले. तेच गाणे, तेवढाच तुकडा, आधी एकावर, मग दुसऱ्यावर. बंद हेडफोनवर तबला जाडजूड, झांजेसारखे आवाज टोकदार. उघड्यावर खर्ज थोडा कमी, पण गळा माणसाचा. मन्सूरांनी मध्येच घेतलेला श्वास, समेवर आल्यावरची हलकीशी 'हं', हे सारे दोन हातांवर घडल्यासारखे. आजी त्याच खोलीत माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारले, तेव्हा म्हणाल्या, "कुणीतरी लांब गुणगुणतंय असं वाटतं. त्याचा काय त्रास?" भिंतीपलीकडे नातीला काहीच ऐकू येत नव्हते. निवड जवळजवळ झाली होती.

चौथ्या दिवशी अण्णांनी केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरची, जेमतेम तीन मिनिटांची. या जुन्या मुद्रिका स्टिरिओ नसतात. दोन्ही कानांना तंतोतंत तेच ऐकू येते, त्यामुळे गळा बरोबर कपाळाच्या मध्ये उभा राहायला हवा. अण्णांना तो उजवीकडे सरकलेला वाटला. त्यांनी डावी वाटी नीट बसवली. पुन्हा तेच. "डावी बाजू मंद आहे," ते म्हणाले, "नग सदोष दिसतो. परत करा." मुलाने दुकानात फोन लावण्यासाठी मोबाइल काढलाही.

तेवढ्यात अण्णा थांबले. लहानपणी वडिलांनी त्यांना तराजू तपासायला शिकवले होते. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. काटा डावीकडे झुकला तर लगेच माल जड समजू नये. आधी पारड्यांची अदलाबदल करावी. झुकाव मालाबरोबर दुसरीकडे गेला, तर फरक मालात आहे. झुकाव पहिल्याच बाजूला राहिला, तर माल निर्दोष असून तराजूची दांडी खोटी आहे. अण्णांनी हेडफोन काढला, उलटा केला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. नातीला म्हणाले, "तेच लाव."

दोष हेडफोनमध्ये असता तर केसरबाईंचा गळा आता डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला. त्यांनी पुतण्याचा हेडफोन मागवला आणि तोही दोन्ही बाजूंनी घालून पाहिला. निकाल बदलला नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "दुकानदाराला फोन करू नकोस. दांडी माझीच खोटी आहे."

कोल्हापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून मळाचा एवढा मोठा खडा काढला की सोबत गेलेल्या नातीला हसू आवरेना. डाव्या-उजव्यातला फरक बहुतांशी त्याचाच होता. परंतु नंतर ध्वनिरोधक खोलीत बसवून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवले गेले आणि कागदावर रेषा उमटली, तेव्हा हसणे थांबले. खालच्या स्वरांत रेषा ठीक होती. वर जाता जाता ती उतरत गेली आणि ४००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खोल खड्डा होता. डॉक्टरांनी कागद पाहताच विचारले, "मागावर काम केलं आहे का?" यंत्रमागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षे कानावर पडला तर कानातल्या सूक्ष्म पेशी कायमच्या जातात, नुकसान बहुधा याच पट्टीत प्रथम दिसते. वयाने त्यात भर घातली होती. डॉक्टर पुढे म्हणाले, की अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श' यांसारखी उंच पट्टीतली व्यंजने निसटतात. शब्द अर्धा कानात येतो आणि उरलेला मन स्वतःच भरून काढते.

"म्हणजे कुणी साठ म्हटलं तर?" अण्णांनी विचारले.

"आठ ऐकू येऊ शकेल," डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. डॉक्टरांनी बोलणे नीट ऐकू येण्यासाठी श्रवणयंत्र सुचवले होते आणि हेडफोनसाठी एक मर्यादा घालून दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ऐकले तर चालते. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. नातीने ॲम्प्लिफायरवरच्या पेन्सिलीच्या खुणेच्या खाली आणखी एक खूण करायचे ठरवले. अण्णांच्या मनात मात्र दुसरीच बाब होती.

भाद्रपदातल्या क्षमावणीला अजून आठ-नऊ महिने होते. अण्णांनी तेवढी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या मागवाल्याला चहाला बोलावले, चारही हमालांना आत घेतले आणि दिवाणजींना वही आणायला सांगितली. 'आठ पोती' लिहिलेले पान काढून त्यांनी समासात स्वतःच्या हाताने लिहिले, की दिवाणजींनी साठ सांगितली होती, चूक माझ्या ऐकण्याची. मग ते मोठ्याने वाचून दाखवले. दिवाणजी म्हणाले, "अण्णा, कशाला एवढं." अण्णा म्हणाले, "तेव्हा चारचौघांत बोललो होतो."

एचडी ६०० घरात राहिला. नवा हेडफोन डोक्याला जरा घट्ट बसतो, म्हणून रात्री तो जुन्या खातेवह्यांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवतात. त्यांच्या जाडीचा उपयोग झाला. पेढीवर अण्णा श्रवणयंत्र लावतात आणि चार वाजता ते डबीत ठेवून हेडफोन घालतात. साडेपाचला सूनबाई जिन्याच्या तळातूनच हाक मारतात, आता थोड्या मोठ्याने, आणि अण्णा उठतात.

परवा दिवाणजी एका बिलावर सही घ्यायला वर आले. अण्णांनी सही केली आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. "बसा. केसरबाई आहेत." दिवाणजी संकोचून खुर्चीच्या कडेला बसले. गाणे संपल्यावर म्हणाले, "फार छान. पण अण्णा, ही उजवी बाजू जरा कमी येते का?"

मागाच्या शेडमध्ये दिवाणजींचीही उमेदीची वर्षे गेली होती. अण्णा म्हणाले, "उलटा घालून बघा."

दिवाणजींनी उलटा घातला. तीन मिनिटे ते स्तब्ध बसून होते. मग हेडफोन अलगद काढून खातेवह्यांवर ठेवीत त्यांनी विचारले, "कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांची वेळ कधीची असते?"